ताऱ्यांचा ताळेबंद



ह्या व्यासपीठावर आम्ही पूर्वी दोनदा उभे राहिलो आहोत. एकदा किमान वेतनाचा कायदा सांगावयास आणि एकदा भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब समजावून द्यावयास. यंदा चिटणीसांनी फोनवर विषय विचारला तेव्हा आम्ही 'तारे' असे उत्तर दिले. पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग त्यांनी जपून विचारले, "म्हणजे सिनेमातले का?" सिनेमातले नव्हेत, आकाशातले, असा खुलासा केल्यावर त्यांनी विषय छापला, हे त्यांचे उपकार.

युनियनच्या माणसाने ताऱ्यांवर का बोलावे, हा प्रश्न रास्त आहे. आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे झाले ते नगरवाचनालयात आणि साखर कारखान्याच्या रात्रपाळीत. विद्वत्तेचा दावा आम्हांस करावयाचा नाही. परंतु तीस वर्षे वाटाघाटींच्या टेबलाशी बसून एक विद्या मात्र अंगी आली आहे, ती ताळेबंद वाचण्याची. समोरचा गृहस्थ 'तिजोरीत खडखडाट आहे' म्हणाला की आपण शांतपणे विचारावयाचे : हंगामाच्या आरंभी साठा किती होता, रोजचा खप किती, आणि आता शिल्लक किती? ताऱ्यांविषयी माणसाने जे मोठे ज्ञान मिळविले त्याच्या मुळाशी हेच तीन प्रश्न आहेत, असे वाचनाअंती आमचे मत झाले आहे. एक वस्तू रात्रंदिवस उजेड आणि उष्णता देते आहे. हा खर्च कोणत्या खात्यातून पडतो? आणि ते खाते संपल्यावर काय होते?

आपल्या वाडवडिलांना हा प्रश्न पडला नाही, कारण खर्च त्यांच्या डोळ्यांना दिसत नव्हता. आजोबांनी पाहिलेली मृगाची आकृती नातू जशीच्या तशी पाहतो. त्यामुळे बदल हा खाली पृथ्वीवर आणि स्थैर्य वर आकाशात, अशी वाटणी सर्व देशांतल्या लोकांनी करून टाकली. ध्रुवबाळाला अढळपद मिळाल्याची कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. कथा गोड आहे, ती तशीच राहू द्यावी. परंतु पृथ्वीचा आस सुमारे २६,००० वर्षांत एक घेर घेतो, त्यामुळे ध्रुवपदावर तारे आळीपाळीने येतात आणि जातात. शिवाय आजचा जो ध्रुव आहे तो स्वतःही स्वस्थ नाही. सुमारे चार दिवसांच्या अंतराने तो किंचित फुगतो आणि आकसतो, आणि त्याचे तेज किंचित कमीजास्त होते. अढळपदावर बसलेल्याचीही छाती अशी खालीवर होत असते.

आपल्याला सर्वांत जवळचा तारा म्हणजे सूर्य. हिशेब त्याच्यापासून सुरू करू. तो आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटरांवर आहे. त्याचा प्रकाश येथवर यावयास आठ मिनिटे आणि वर थोडे सेकंद लागतात. रुंदीने तो १०९ पृथ्व्या ओळीने मांडाव्यात एवढा, वजनाने ३ लाख ३० हजार पृथ्व्यांएवढा. इतका मोठा साठा असल्यावर काळजी कसली, असे कोणासही वाटेल. एकोणिसाव्या शतकात काही मंडळींनी हिशेब मांडून पाहिला. सगळा सूर्य उत्तम दगडी कोळशाचा आहे आणि त्याला लागेल तेवढी हवाही मिळते आहे, असे धरले, तरी आजच्या वेगाने तो पाच-सहा हजार वर्षांत जळून राख होईल. आमच्या कारखान्याच्या बॉयलरप्रमाणे चिपाडांवर चालवावयाचा म्हटला तर त्याची चौथाईसुद्धा नाही.

केल्व्हिन नावाच्या मोठ्या शास्त्रज्ञाने दुसरे खाते शोधले. सूर्य स्वतःच्या भाराने हळूहळू आकसतो आहे आणि त्या आकसण्यातून उष्णता निघते आहे. हे खाते खरे होते, पण त्यातून फार तर दोन-चार कोटी वर्षे भागत होती. इकडे भूगर्भवाले दगडांचे थर मोजून सांगत होते की, पृथ्वीच त्याहून कितीतरी जुनी आहे. सूर्याहून पृथ्वी वडील, असा तो विचित्र ताळेबंद झाला. असा ताळेबंद हाती आला की, कोठेतरी एखादे खाते दाखवावयाचे राहिले आहे, हे आम्ही डोळे मिटून सांगतो. येथेही तसेच होते. पण ते खाते सापडण्याआधी तारा कशाचा बनला आहे हे कळणे भाग होते, आणि ती हकीकत अशी आहे की तिच्यासाठी थोडा अधिक वेळ घेण्याची परवानगी आम्ही अध्यक्षांकडे मागतो.

१८३५ साली फ्रान्समधील ऑग्युस्त कोंत नावाच्या तत्त्वज्ञाने लिहून ठेवले की, तारे कशाचे बनले आहेत हे मनुष्यास कधीही कळणार नाही. वरकरणी त्याचे म्हणणे चूक वाटत नव्हते. ताऱ्याचा तुकडा कोण आणून देणार? परंतु त्यावेळी त्या प्रश्नाची किल्ली तयार होऊन वीस वर्षे झाली होती, आणि ती एका काचकामगाराने तयार केली होती. जोसेफ फ्राउनहोफर हा जर्मन पोरगा अकराव्या वर्षी अनाथ झाला. म्युनिक शहरात आरसे आणि काचा करणाऱ्या एका मालकाकडे तो उमेदवार म्हणून लागला. १८०१ साली मालकाचे घर कोसळले आणि हा चौदा वर्षांचा मुलगा ढिगाऱ्याखालून जिवंत निघाला. तेथील राजाने त्याला कौतुकाने काही पैसे दिले. त्या पैशांतून त्याने पुस्तके घेतली आणि उमेदवारीतून सुटका करून घेतली. पुढे तो युरोपातला उत्तम भिंगे करणारा कारागीर झाला. काचेची पारख करण्यासाठी १८१४ साली त्याने सूर्याचा प्रकाश लोलकातून पसरून पाहिला तेव्हा सप्तरंगी पट्ट्यावर त्याला उभ्या काळ्या रेषा दिसल्या. एकदोन नव्हे, पाचशेहून अधिक. त्याने त्या मोजल्या आणि नकाशावर मांडल्या. त्या कशाच्या, हे त्याला कळले नाही. एकोणचाळिसाव्या वर्षी तो वारला.

१८५९ साली किर्खहोफ आणि बुन्सेन ह्या दोघांनी अर्थ लावला. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात. लोखंडाच्या निराळ्या, सोडियमच्या निराळ्या, चुन्यातल्या कॅल्शियमच्या निराळ्या. मस्टरवर उठलेल्या अंगठ्यावरून माणूस ओळखावा, तसे वर्णपटातल्या रेषांवरून द्रव्य ओळखता येते. कोंतने 'कधीही नाही' म्हटल्याला तेव्हा अवघी चोवीस वर्षे झाली होती.

येथे एका प्रचलित समजुतीविषयी बोलणे भाग आहे. हेलियम वायूचा शोध आपल्या विजयदुर्ग किल्ल्यावर लागला असे कोकणात अभिमानाने सांगतात, आणि ज्या ओट्यांवर साहेबाने दुर्बिणी मांडल्या ते ओटेही दाखवितात. ओटे खरे, साहेबही खरा, पण साल निराळे. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास ग्रहण फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन याने आंध्रातील गुंटूर येथून पाहिले. त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये लॉकियर याने ग्रहणावाचूनच सूर्याच्या कडेचा वर्णपट घेतला. त्यात एक पिवळी रेषा अशी होती की, ती पृथ्वीवरच्या कोणत्याही द्रव्याशी जुळेना. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्या द्रव्याला हेलियम म्हणू लागले. पृथ्वीवर ते सापडले १८९५ साली. लॉकियर विजयदुर्गास आला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. विजयदुर्गाचा मान त्यामुळे उणावत नाही. ज्याने सूर्यात एक नवे द्रव्य पाहिले तो माणूस आपल्या किनाऱ्यावर दुर्बीण घेऊन उभा राहिला होता, एवढे पुरेसे आहे.

अंगठे ओळखता येऊ लागले. आता हजारो ताऱ्यांचे मस्टर तयार करावयाचे होते. हे काम अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत झाले. रात्री दुर्बिणीतून काचेच्या पट्ट्यांवर ताऱ्यांच्या वर्णपटांची छायाचित्रे घेत. दिवसा त्या पट्ट्या भिंगाखाली धरून एकेका ताऱ्याच्या रेषा तपासावयाच्या, नोंदावयाच्या, प्रतवारी लावावयाची. त्यासाठी संचालक पिकरिंग यांनी स्त्रिया नेमल्या. दर तासाला २५ ते ३५ सेंट, आठवड्याचे सहा दिवस. त्यांच्यातली विल्यमिना फ्लेमिंग ही मूळची स्कॉटलंडची. नवऱ्याने परक्या देशात टाकून दिलेली ही बाई पिकरिंगच्याच घरी मोलकरीण होती. तेथून ती वेधशाळेत आली आणि ह्या सर्व खात्याची प्रमुख झाली. १९०० सालच्या तिच्या रोजनिशीत एक नोंद आहे : आपल्याला वर्षाला १,५०० डॉलर मिळतात आणि पुरुषांना २,५००, आपल्यालाही घर चालवावयाचे असते हे ह्यांच्या ध्यानात येत नाही का, अशा आशयाची. ती वाचून ह्या भगिनींचे मागणीपत्र लिहून द्यावयास आम्ही शंभर वर्षे उशिरा जन्मलो, याचे वाईट वाटले.

दुसरी ॲनी जंप कॅनन. हिला जवळजवळ ऐकू येत नसे. हिने आपल्या हयातीत साडेतीन लाखांच्या घरात तारे तपासले आणि त्यांचे सात मुख्य वर्ग लावले. जगभर तेच आजही वापरतात. मस्टर तयार झाले. पण ह्या वर्गांचा अर्थ काय? व्याधाच्या ताऱ्यात हायड्रोजनच्या रेषा ठळक, सूर्यात कॅल्शियमच्या ठळक. मग व्याध हायड्रोजनचा आणि सूर्य चुन्याचा, असे समजावयाचे का?

त्याचे उत्तर १९२० साली कलकत्त्याच्या मेघनाद साहा यांनी दिले. ढाक्याजवळच्या एका खेड्यात १८९३ साली त्यांचा जन्म झाला. वडिलांचे लहानसे किराणा दुकान होते. पोराने गल्ल्यावर बसावे, अशी घरची अपेक्षा. शेजारच्या गावातल्या एका डॉक्टरांनी घरी ठेवून घेतले म्हणून शिक्षण झाले. कलकत्त्याच्या वसतिगृहात जातीपायी त्यांना पंगतीत बसू दिले जात नसे. ह्या माणसाने दाखवून दिले की, रेष ठळक की पुसट, हे तापमानावर अवलंबून असते. उष्णता वाढली की अणूतील इलेक्ट्रॉन निघून जातात आणि मग तो अणू आपली नेहमीची रेष उमटवीत नाही. आपल्या भाषेत सांगावयाचे तर, हजेरीच्या वेळी हाकेला ओ आली नाही म्हणजे माणूस गैरहजर, असे धरता येत नाही. तो खात्यातच असतो. बॉयलरच्या आवाजात त्याचा शब्द पोहोचत नाही. किती माणसे ओ देतात आणि किती नाहीत ह्याचे गणितच साहांनी बसवून दिले. कॅननबाईंचे वर्ग म्हणजे तापमानाची उतरंड आहे, हे त्या गणिताने सिद्ध झाले. हे साहा पुढे १९५२ च्या निवडणुकीत लोकसभेवर निवडून गेले, हे जाता जाता सांगून ठेवतो.

ते गणित हाती घेऊन, हार्वर्डच्या त्याच काचपट्ट्यांवर, इंग्लंडहून आलेल्या सेसिलिया पेन ह्या पंचवीस वर्षांच्या मुलीने प्रत्येक द्रव्याचा खरा साठा काढला. उत्तर असे आले की, तारे जवळजवळ सर्वस्वी हायड्रोजनचे आणि हेलियमचे आहेत. बाकीची द्रव्ये मिठाएवढी. त्या काळी सर्व ज्येष्ठ मंडळींची समजूत होती की, सूर्य म्हणजे तापलेली पृथ्वीच. अमेरिकेतील त्या वेळचे सर्वांत वजनदार ज्योतिर्विद हेन्री नॉरिस रसेल यांनी तिला कळविले की, हे अशक्य आहे. १९२५ च्या आपल्या प्रबंधात त्या मुलीने स्वतःच लिहिले की, हायड्रोजनचा हा आकडा बहुतेक खरा नसावा. नोकरी पुढच्याच्या हाती असली म्हणजे बरोबर आकड्यावर अशी स्वतःच्या हाताने काट मारावी लागते. ह्या सभागृहात तसा प्रसंग आलेले पुष्कळ असतील. १९२९ साली रसेल दुसऱ्या वाटेने त्याच उत्तरापाशी आले आणि त्यांनी तिचे काम मान्य केले. पेनबाई हार्वर्डमध्ये शिकवीत, पण त्यांच्या व्याख्यानांचे नाव विद्यापीठाच्या पत्रकात १९४५ पर्यंत छापले जात नसे. प्राध्यापकपद मिळाले १९५६ साली.

तर शंभर किलो सूर्य घेतला तर त्यात सुमारे ७३ किलो हायड्रोजन, २५ किलो हेलियम आणि उरलेल्या दोन किलोंच्या आत जगातली इतर सर्व द्रव्ये. हायड्रोजन आणि हेलियम ही दोन नावे शेजारी आली की दाखवावयाचे राहिलेले खाते कोणते, हे लक्षात येते. १९२० सालीच आर्थर एडिंग्टन यांनी तो अंदाज केला होता. हायड्रोजनचे चार अणुगर्भ एकत्र येऊन हेलियमचा एक होतो. वजन केले तर हेलियम किंचित कमी भरते. १,००० ग्रॅम हायड्रोजन घातला की ९९३ ग्रॅम हेलियम बाहेर पडतो. उतारा ९९३, घट सात. कारखान्यात घट कोठे गेली हे विचारले की उत्तर मिळत नाही, येथे मिळते. त्या सात ग्रॅमांचा प्रकाश होतो. सूर्य दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचे हेलियम करतो आणि त्यात सुमारे ४० लाख टन वजन उजेडाच्या रूपाने घालवितो. ह्या वेगाने तो ४६० कोटी वर्षे तळपतो आहे आणि अजून सुमारे ५०० कोटी वर्षे पुरेल एवढी शिल्लक आहे.

ह्या ताळेबंदाचे ऑडिटही झाले. अशा ज्वलनातून न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण निघतात आणि ते सूर्याच्या पोटातून सरळ बाहेर येतात. ते पकडण्यासाठी अमेरिकेत एका सोन्याच्या खाणीत, सुमारे दीड किलोमीटर खोल, टाकी बसविली. १९६८ पासून मोजणी केली तर अपेक्षेच्या तिसरा हिस्साच कण सापडले. तीस वर्षे ही तूट कोणाला भरून काढता आली नाही. मग २००१-०२ मध्ये कॅनडातील एका निकेलच्या खाणीतल्या मोजणीने दाखविले की, हे कण वाटेत आपला प्रकार बदलतात आणि पहिल्या टाकीला त्यांतला एकच प्रकार दिसत होता. सगळे प्रकार धरले तेव्हा हिशेब जुळला.

येथे एक चमत्कारिक गोष्ट सांगावीशी वाटते. सूर्य म्हणजे प्रचंड भट्टी अशी आपली कल्पना असते. परंतु वजनास वजन धरून पाहिले तर ही भट्टी फार मंद आहे. आपल्यापैकी जे कोणी खुर्चीवर बसल्या बसल्या पेंगत असतील, त्यांचे एक किलो शरीर एक किलो सूर्यापेक्षा हजारो पट अधिक उष्णता देते. उकिरड्यातले शेणखतही सूर्याला मागे टाकते. सूर्य एवढा तळपतो तो केवळ आकारामुळे, आणि एवढा टिकतो तो मंदपणामुळे. त्याच्या मध्याशी दीड कोटी अंश तापमान आहे. तरीही एखाद्या अणुगर्भाला योग्य जोडीदार भेटण्यास सरासरी अब्जावधी वर्षे लागतात.

ही भट्टी फुटत का नाही, किंवा विझत का नाही? बॉयलरवर रात्र काढलेल्या माणसाला हा प्रश्न हटकून पडतो. आमच्या बॉयलरला वाफेच्या दाबाचा काटा असतो, सेफ्टी व्हॉल्व्ह असतो आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे डोळ्यांत तेल घालून बसलेला माणूस असतो. ताऱ्यापाशी ह्यांतले काही नाही. तेथे दोन जोर आहेत. स्वतःचाच भार त्याला आत दाबतो, आणि आतली उष्णता त्याला बाहेर लोटते. जळण जरा जास्त झाले की तो फुगतो, फुगला की मध्य थोडा निवतो, आणि जळण आपोआप मंदावते. कमी झाले की भार त्याला दाबतो, मध्य तापतो, जळण वाढते. असा हा तोल अब्जावधी वर्षे सांभाळला जातो. त्यात कोणी कोणाला जिंकत नाही, आणि तोल आहे तोवरच त्याला तारा म्हणावयाचे.

ह्यावरून ताऱ्यांच्या आयुष्याविषयी एक उलटी गोष्ट निघते. ज्याचा साठा मोठा तो अधिक जगेल, असे आपण म्हणू. प्रत्यक्षात तो आधी मरतो. सूर्याच्या दहापट वजनाचा तारा घ्या. त्याचा भार मोठा, म्हणून तोल राखण्यासाठी जळणही मोठे. ते दहापट नव्हे, काही हजारपट. साठा दहापट आणि खर्च हजारोपट. दोन-तीन कोटी वर्षांत तो आटोपतो. उलट सूर्याच्या दशांश वजनाचे तांबडे बटू तारे आहेत. आपल्याला सूर्यानंतर सर्वांत जवळचा, सव्वाचार प्रकाशवर्षांवरचा तारा ह्याच जातीचा. तो नुसत्या डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. हे इतके जपून खर्च करतात की, त्यांचे आयुष्य लक्षावधी कोटी वर्षांचे. विश्वाचेच वय आजच्या हिशेबाने सुमारे १,३८० कोटी वर्षे आहे. म्हणजे ह्या जातीचा एकही तारा म्हातारपणाने मेलेला अजून कोणी पाहिलेला नाही, आणि पाहणे शक्यही नाही.

आता सह्याद्रीकडे पाहा. ज्या काळ्या कातळात आपले किल्ले उभे आहेत तो लाव्हारस सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजला. मृगातील राजन्य हा निळसर तेजस्वी तारा जेमतेम ऐंशी लाख ते एक कोटी वर्षांचा आहे. सह्याद्रीचा कातळ होऊन, थंड होऊन, पावसाने झिजू लागून पाचसाडेपाच कोटी वर्षे लोटल्यावर हा तारा पेटला. आणि त्याचे आयुष्य आताच उताराला लागले आहे. आपण डोंगरांना पुरातन म्हणतो आणि ताऱ्यांना चिरंतन. त्या डोंगरात ज्यांनी हाताने बोगदे खोदले त्यांच्या वारसांना हे सांगावयास आम्हांस मौज वाटते.

तारे जन्मतात ते वायूच्या आणि धुळीच्या थंड ढगांतून. मृगाच्या तीन ताऱ्यांजवळच एक धुरकट ठिपका दिसतो, तो असाच सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवरचा ढग. त्यात आजही तारे तयार होत आहेत. ढगाची गुठळी स्वतःच्या भाराने आकसते, तापते आणि मध्याशी हायड्रोजन पेटला की तारा झाला.

मरण मात्र दोन प्रकारचे आहे. सूर्यासारख्यांचे आधी सांगतो. मध्यातला हायड्रोजन संपला की मध्य आकसू लागतो आणि त्याच्या उष्णतेने बाहेरचे थर फुगतात. तारा तांबूस आणि अवाढव्य होतो. हे कसे दिसते, हे पाहावयास दूर जावयास नको. आज रात्री पूर्वेला नारिंगी रंगाचा तेजस्वी तारा दिसेल, तो स्वाती. सदतीस प्रकाशवर्षांवर आहे. त्याचे वजन जवळजवळ सूर्याइतकेच, पण रुंदी सूर्याच्या पंचवीसपट. सूर्याच्या म्हातारपणाचे हे चित्र आताच आकाशात टांगलेले आहे. पृथ्वीला मात्र तोवर थांबावे लागणार नाही. सूर्याचे तेज दर शंभर कोटी वर्षांत सुमारे दहा टक्क्यांनी वाढते आहे. पुढील शंभर कोटी वर्षांतच समुद्र आटू लागतील. कोणी घाबरून जाऊ नये, बोनसच्या वाटाघाटी त्याआधी पुऱ्या होतील.

पुढे बाहेरचे थर विरून जातात आणि आतला गाभा उरतो, पृथ्वीएवढ्या आकाराचा आणि जवळजवळ सूर्याएवढ्या वजनाचा. व्याधाच्या ताऱ्याला असा एक सोबती आहे. १८६२ मध्ये अमेरिकेतील भिंगे करणाऱ्या क्लार्क पितापुत्रांपैकी मुलाला तो नवे भिंग तपासताना दिसला. त्यातले चमचाभर द्रव्य कित्येक टन भरेल. ह्याला श्वेतबटू म्हणतात. त्यात जळण नाही, तो फक्त निवत जातो. १९३० च्या जुलैअखेर मुंबई बंदरातून निघालेल्या बोटीवर एकोणीस वर्षांच्या सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनी गणित केले की, अशा बटूच्या वजनाला एक मर्यादा असते. आजच्या हिशेबाने ती सूर्याच्या सुमारे १.४ पट आहे. त्याहून जड गाभा आणखी कोसळत जाईल. जानेवारी १९३५ मध्ये लंडनच्या सभेत एडिंग्टन यांनी, ज्यांनी ताऱ्याचे जळण ओळखले होते त्याच एडिंग्टन यांनी, त्या गणिताची भर सभेत टर उडविली. चंद्रशेखरांनी वाद घातला नाही. पुस्तक लिहिले आणि दुसऱ्या विषयाकडे वळले. नोबेल पारितोषिक मिळाले १९८३ मध्ये. पेनबाईंचा आणि त्यांचा अनुभव एकत्र ठेवून पाहावा, असे आम्हांस वाटते.

त्या मर्यादेपलीकडचे, म्हणजे जड ताऱ्यांचे मरण, हा दुसरा प्रकार. जड तारा हायड्रोजननंतर हेलियम जाळतो, मग कार्बन, मग ऑक्सिजन, मग सिलिकॉन. प्रत्येक पायरी आधीच्याहून अल्पायुषी. शेवटची तर काही दिवसांचीच. आणि शेवटी मध्याशी लोखंड जमते. लोखंडातून आणखी काही मिळत नाही. बाहेर लोटणारा जोर एकाएकी थांबतो आणि तो गाभा सेकंदाच्या आत कोसळतो. त्या धक्क्याने बाहेरचा सगळा तारा उधळला जातो. ह्याला अतिनवतारा म्हणतात.

२४ फेब्रुवारी १९८७ च्या पहाटेच्या सुमारास चिली देशातील लास कँपानास वेधशाळेत ऑस्कर दुहाल्दे नावाचा दुर्बीणचालक जरा मोकळ्या हवेत बाहेर आला. त्याने आकाशाकडे पाहिले आणि मोठ्या मॅगेलन मेघात एक तारा जास्तीचा आहे, हे त्याच्या लक्षात आले. तो आत जाऊन आपल्या कामाला लागला. थोड्या वेळाने इयन शेल्टन हा निरीक्षक नुकतीच धुतलेली काचपट्टी घेऊन धावत आला, तेव्हा दुहाल्दे म्हणाला की हो, तो आपण पाहिला आहे. १ लाख ६० हजार प्रकाशवर्षांवरचा एक तारा फुटला होता. त्या कोसळण्याचे न्यूट्रिनो आदल्याच दिवशी जपानमधील एका खाणीतल्या टाकीत नोंदले गेले होते, मोजून डझनभर. पुस्तकात शेल्टनचे नाव पुढे असते आणि ते योग्यच आहे, कारण पुरावा त्याच्या हातात होता. पण रोजच्या आकाशात एक ठिपका अधिक आहे हे ज्याला नुसत्या नजरेने कळले, त्या माणसाच्या किती रात्रपाळ्या झाल्या असतील, ह्याचाच विचार आमच्या मनात येतो.

उधळलेले द्रव्य पुन्हा ढगांत मिसळते आणि पुढच्या पिढीचे तारे त्यातून होतात. आपला सूर्य पुढच्या पिढीतला आहे, म्हणून पृथ्वीवर लोखंड आहे, चुना आहे. साखरेच्या एका दाण्यात जो कार्बन आणि ऑक्सिजन आहे तो कोणत्या ना कोणत्या ताऱ्याच्या पोटात तयार झालेला. हायड्रोजन तेवढा विश्वाच्या आरंभापासूनचा.

आता आर्द्रेविषयी. आर्द्रा हा असाच जड तारा. सूर्याच्या जागी आणून ठेवला तर मंगळाची कक्षासुद्धा त्याच्या पोटात जाईल. वय सुमारे एक कोटी वर्षे, आणि पुढील लाखभर वर्षांत केव्हाही तो फुटेल. २०१९ च्या अखेरीस त्याचे तेज एकाएकी निम्म्याहून कमी झाले आणि वर्तमानपत्रांतून भाकितांचे पीक आले. पुढे कळले की, त्याने स्वतःच टाकलेल्या वायूपासून धुळीचा ढग झाला आणि तो आड आला होता. आमचे एक सभासद त्या दिवसांत भेटावयास आले. मुलीच्या पत्रिकेत आर्द्रा नक्षत्र आहे, शांत करावी लागेल, बोनसमधून उचल मिळेल का, असे विचारीत होते. आम्ही त्यांना गच्चीवर नेऊन आर्द्रा दाखविली, आणि ती सध्या कोणत्या अडचणीत आहे हे सांगितले. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे हिचेच काही खरे नाही." उचल त्यांनी घेतली नाही. त्या पैशांतून मुलीचे वर्षाचे क्लासचे शुल्क भरले.

आर्द्रेचा प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचावयास पाच-सातशे वर्षे लागतात. म्हणजे तिकडे जे व्हावयाचे ते कदाचित होऊनही गेले असेल आणि बातमी वाटेत असेल. तूर्त ती ह्या मांडवाच्या पश्चिमेला आहे, तांबूस, व्याधाच्या उजवीकडे. नऊ वाजून गेल्यावर ती समोरच्या इमारतीच्या आड जाईल. म्हणून आभारप्रदर्शन करणाऱ्या मित्रांनी आज थोडे आटोपते घ्यावे, अशी आमची विनंती आहे.